नगरनियोजनातील सुगम्यता : फाटकापर्यंतचा कायदा आणि बाहेरचा पदपथ

सुगम्यतेचा विचार आपल्याकडे प्रामुख्याने इमारतीच्या अनुषंगाने झाला आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम ४४ नुसार सुगम्यतेचे नियम न पाळणाऱ्या आराखड्यास बांधकाम परवानगी देता येत नाही, तसेच पूर्णत्वाचा दाखलाही देता येत नाही. कलम ४५ ने अस्तित्वातील सार्वजनिक इमारतींना नियम अधिसूचित झाल्यापासून पाच वर्षांची मुदत दिली. नियम जून २०१७ मधील असल्याने ही मुदत २०२२ मध्येच संपली. अंमलबजावणी कशीही असो, तरतूद निःसंदिग्ध आहे. परंतु त्या इमारतीत जाणाऱ्या व्यक्तीचा प्रवास फाटकाबाहेर सुरू होतो, आणि फाटकाबाहेरच्या पदपथाला पूर्णत्वाचा दाखला लागत नाही.

येथेच नियोजनातील खरी उणीव आहे. खाजगी विकासकाची तपासणी महानगरपालिका करते. महानगरपालिकेच्या पदपथाची तपासणीही महानगरपालिकाच करते आणि ठेकेदाराचे देयकही तीच मंजूर करते. मोजमाप पुस्तकात फरशीचे चौरस मीटर आणि कर्बस्टोनची लांबी नोंदली जाते. उतार चौकापर्यंत सलग आहे काय, यासाठी तेथे रकाना नाही. इंडियन रोड्स काँग्रेसची मार्गदर्शक तत्त्वे पदपथाची उंची १५० मिलिमीटरपेक्षा अधिक नसावी आणि किमान १.८ मीटर रुंदी मोकळी असावी, असे सांगतात. प्रत्यक्षात अंधांसाठी बसविलेली पिवळी फरशी विजेच्या खांबापाशी जाऊन थांबते. दुचाकी चढू नये म्हणून रोवलेले खांब चाकाच्या खुर्चीलाही अडवितात. हे दोन्ही निर्णय त्या त्या अभियंत्याच्या दृष्टीने योग्यच असतात. ते एकत्र पाहणारा मात्र कोणी नसतो.

पुणे महानगरपालिकेने २०१६ मध्ये पादचारी धोरण स्वीकारले आणि पुढे जंगली महाराज रस्त्याची पुनर्रचनाही केली. हा प्रयत्न निश्चितच स्वागतार्ह आहे. तथापि, नमुन्याचा एक रस्ता म्हणजे रस्त्यांचे जाळे नव्हे. पादचाऱ्याला घर, बसथांबा आणि दवाखाना यांना जोडणारी अखंड वाट हवी असते.

वृद्धांच्या बाबतीत हा प्रश्न अधिक बिकट होतो. २०११ च्या जनगणनेनुसार देशात दिव्यांग व्यक्ती सुमारे २.६८ कोटी, तर साठ वर्षांवरील व्यक्ती सुमारे १०.३८ कोटी होत्या. गुडघेदुखीने बेजार झालेल्या वृद्धेकडे दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र नसते. पदपथाची पायरी मात्र तिलाही तेवढीच उंच असते. दिव्यांगांसाठीच्या लाभार्थीनिहाय अनुदान व साहित्यवाटपाच्या योजनांत ती मोजली जात नाही. ‘अपंग’ शब्द जाऊन ‘दिव्यांग’ आला, डिसेंबर २०२२ मध्ये महाराष्ट्रात स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभागही झाला. पदपथाच्या उंचीचा प्रश्न मात्र त्या विभागाचा नाही, तो रस्ते विभागाचा आहे.

सर्वोच्च न्यायालयाने राजीव रतुरी प्रकरणात ८ नोव्हेंबर २०२४ रोजी २०१७ च्या नियमांतील नियम १५(१) अवैध ठरविला. अधिनियमाने बंधनकारक केलेली मानके या नियमामुळे केवळ शिफारशी ठरत होत्या, हा त्यामागील आक्षेप. बंधनकारक मानके वेगळी करून निश्चित करण्यास केंद्र शासनाला तीन महिने देण्यात आले. मात्र मानके बंधनकारक झाली तरी पदपथाच्या बाबतीत ती तपासणार कोण, हा प्रश्न उरतोच. ठेकेदाराचे अंतिम देयक अदा करण्यापूर्वी चाकाची खुर्ची वापरणारी, पांढरी काठी घेतलेली आणि सत्तरी ओलांडलेली अशा तीन व्यक्तींनी तो पदपथ एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पार करावा आणि त्यांचा अभिप्राय मोजमाप पुस्तकाला जोडावा, अशी अट निविदेत घालण्यास खर्च फारसा नाही.