विजयमंच, राष्ट्रगीत आणि देशभक्ती : बर्लिन १९३६ च्या संदर्भात एक चिकित्सा

प्रस्तावना :
ऑलिंपिकच्या पदकवितरणात तिन्ही पदकविजेत्यांच्या देशांचे ध्वज चढतात. राष्ट्रगीत मात्र सुवर्णविजेत्याच्याच देशाचे वाजते. ज्या राज्याचे गीत वाजते तेच राज्य खेळाडूच्या मनातील देश असते, हे या विधीमागील गृहीतक होय. प्रस्तुत लेखात कोरियन धावपटू सोन की-चुंग याच्या उदाहरणाद्वारे या गृहीतकाची चिकित्सा केली आहे.

विवेचन :
१९१० ते १९४५ या काळात कोरिया जपानच्या अंमलाखाली होता. त्यामुळे ९ ऑगस्ट १९३६ रोजी बर्लिनची मॅरेथॉन जिंकणारा सोन जपानी संघातून, ‘सोन किटेई’ या जपानी वळणाच्या नावाने धावला. कांस्यपदकही नाम सुंग-योंग या कोरियनानेच मिळवले. जपानचे ‘किमिगायो’ सुरू होताच दोघांनी माना खाली घातल्या. विजेता म्हणून मिळालेले ओकचे रोप छातीशी धरून सोनने गणवेशावरील जपानी चिन्ह झाकले. आपल्याला सोनच्या सुवर्णपदकाचा नव्हे, तर त्या रोपाचा हेवा वाटला, असे नामने पुढे सांगितले. कोरियातील ‘दोंग-आ इल्बो’ या दैनिकाने छायाचित्रातून ते चिन्ह पुसून टाकले. परिणामी पत्रकारांना तुरुंगवास घडला आणि दैनिक काही महिने बंद राहिले.

खाली घातलेली मान आदराचीही खूण असू शकते. एकाच मुद्रेतून श्रद्धा आणि वेदना असे परस्परविरोधी अर्थ निघू शकतात. खेळाडूचे ओठ हलले की नाहीत यावरून त्याची देशनिष्ठा ठरविण्याची प्रवृत्ती किती उथळ आहे, हे यावरून ध्यानात येते.

परतंत्र देशाचे उदाहरण अपवादात्मक आहे, असा आक्षेप येथे संभवतो. १९९२ मध्ये बार्सिलोना येथे, त्याच ९ ऑगस्टला, दक्षिण कोरियाच्या ह्वांग यंग-चोने जपानी धावपटूस मागे टाकून मॅरेथॉन जिंकली, तेव्हा वृद्ध सोन प्रेक्षकांत उपस्थित होता. छप्पन्न वर्षांपूर्वी जे त्याच्या वाट्याला आले नाही, ते स्वदेशाचे गीत आता ह्वांगसाठी वाजले. म्हणजे राष्ट्रगीत निरर्थक नाही. त्याला अर्थ येतो तो ऐकणाऱ्याच्या अंतःकरणातील संमतीने.

मात्र ती संमती गीत वाजण्यावरही अवलंबून नसते. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये खाशाबा जाधव यांनी स्वतंत्र भारताला पहिले वैयक्तिक पदक मिळवून दिले. पदक कांस्य होते. त्यांच्या वजनगटाचे सुवर्ण जपानच्या शोहाची इशीकडे गेले. त्यामुळे विजयमंचावरील मान भारतीय राष्ट्रगीताला मिळणार नव्हता. त्याने जाधवांच्या देशप्रेमाला उणेपण आले, असे कोण म्हणेल?

निष्कर्ष :
राष्ट्रगीत राज्याचे असते. देशभक्ती माणसाची असते. दोन्हींचा मेळ बसतो तो क्षण भाग्याचा, पण तो विधीने लादता येत नाही. ऑलिंपिकच्या अधिकृत नोंदीत सोनचे पदक आजही जपानच्या नावावर आहे. ज्या देशासाठी तो मनोमन धावला, त्याची नोंद मात्र त्या झुकलेल्या मानेतच शोधावी लागते.