मोजलेली पुस्तकं, चालणारी उदाहरणं

मुक्तस्रोत गणिती सॉफ्टवेअरचं यश मराठी मुलखात तपासायचं तर पवईपासून सुरुवात करावी लागते. मुंबई आयआयटीत प्रा. कन्नन मौद्गल्य यांच्या पुढाकाराने वाढलेल्या ‘फॉसी’ प्रकल्पाने फ्रान्सच्या इन्रिया संस्थेतलं सायलॅब इथल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत नेलं. महागड्या मॅटलॅबला पर्याय द्यावा, हा हेतू. त्यातला ‘टेक्स्टबुक कंपॅनियन’ हा उपक्रम मला सर्वांत अस्सल वाटतो. विद्यार्थ्याने एखादं पाठ्यपुस्तक घ्यायचं, त्यातली सोडवलेली उदाहरणं सायलॅबमध्ये लिहायची. तपासणी झाली की मानधन, आणि काम सर्वांना खुलं. संगमनेरच्या मुलाला त्यासाठी पवई गाठावी लागत नाही.

अडचण मोजमापाची आहे. सरकारी अनुदानावरच्या कामाला अहवाल द्यावे लागतात, आणि अहवालात सहज मावतात ते आकडे: पूर्ण झालेली पुस्तकं, कार्यशाळा, प्रमाणपत्रं. पण ते पुस्तक पाच वर्षांनी चालतं का? 2017 मध्ये सायलॅबची सहावी आवृत्ती आली, मेमरीची व्यवस्था बदलली, ‘स्टॅकसाइझ’सारखी आज्ञा कालबाह्य झाली. ती वापरणारं उदाहरण आता कोण दुरुस्त करणार?

विल्यम स्टाइन यांनी 2005 मध्ये सुरू केलेल्या सेज प्रकल्पाची शिस्त इथे आठवते. नवं फंक्शन लिहिणाऱ्याने उत्तरासह उदाहरण जोडायचं. बदल झाला की ही उदाहरणं पुन्हा चालवून पाहायची. (पैशाची विवंचना सेजलाही चुकली नाही, स्टाइन पुढे विद्यापीठ सोडून स्वतःच्या कंपनीकडे वळले.) आपल्याकडे तर छापील उत्तरांसकट उदाहरणांचा ढीग आयता आहे. तोच दर आवृत्तीला चालवला, तर सायलॅबची केवढी मोठी कसोटी तयार होईल!

‘स्पोकन ट्युटोरियल’चे मराठी धडे हा निराळा विषय. तिथे आवाज मराठी, पडदा इंग्रजी. नोकरीच्या दृष्टीने ते मुद्दाम तसं ठेवलेलं आहे. हिशेब पटतो, पण त्यातून गणिताची मराठी परिभाषा मात्र घडत नाही.

मोल्सवर्थच्या 1831 च्या कोशात सुमारे चाळीस हजार शब्द होते. थॉमस कँडींच्या साहाय्याने जुनं तपासत 1857 ची दुसरी आवृत्ती साठ हजारांवर गेली, आणि कोश म्हणून आपण आजही उघडतो ती हीच. सायलॅबच्या पुस्तकांनाही अशी दुसरी आवृत्ती हवी. मोडलेलं उदाहरण चालतं करणाऱ्या विद्यार्थ्याला नव्या पुस्तकाइतकंच मानधन द्यावं, आणि अहवालात त्याचा वेगळा रकाना असावा.