संकटग्रस्त बोलींचे दस्तऐवजीकरण आणि संशोधन-अनुदान : खानदेशच्या संदर्भात

ग्रियर्सन यांच्या भारतीय भाषा सर्वेक्षणाच्या नवव्या खंडाच्या तिसऱ्या भागात (१९०७) भिल्ली बोलींबरोबर खानदेशीचीही नोंद झाली. त्यानंतर शतक उलटले. तथापि या बोलींच्या दस्तऐवजीकरणाचा भार आजही प्रामुख्याने विद्यापीठीय संशोधक-विद्यार्थ्यांवरच आहे. त्यांना मिळणाऱ्या अर्थसाहाय्याचे निकष तपासणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू होय.

म्हैसूरच्या भारतीय भाषा संस्थेमार्फत २०१३ मध्ये सुरू झालेल्या केंद्रीय योजनेने दहा हजारांहून कमी भाषक असलेल्या भाषा प्राधान्याने निवडल्या. शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यातील जळगाव जामोद परिसरात बोलली जाणारी निहाली या निकषात बसते. कोणत्याही ज्ञात भाषाकुळात न बसणाऱ्या या भाषेवर कायपर यांनी १९६२ मध्ये स्वतंत्र ग्रंथ लिहिला. परंतु पावरी, मावची यांसारख्या बोलींचे काय? २०११ च्या जनगणनेत त्या ‘भिली/भिलोडी’ या गटात समाविष्ट होतात आणि त्या गटाची भाषकसंख्या एक कोटीहून अधिक भरते. संख्येच्या या छत्राखाली प्रत्येक बोलीची स्वतंत्र स्थिती झाकली जाते. मुले घरी कोणती भाषा बोलतात, हा खरा निकष असावयास हवा.

अनुसूचित जमातींच्या विद्यार्थ्यांसाठी दरवर्षी ७५० राष्ट्रीय अधिछात्रवृत्ती दिल्या जातात, ही स्वागतार्ह बाब आहे. मात्र ती व्यक्तीला मिळते, बोलीला नव्हे. एका तासाच्या ध्वनिमुद्रणाचे लिप्यंतर, भाषांतर व व्याकरणिक विश्लेषण यांस अनेक दिवस लागतात. शिवाय पाड्यांवरील प्रवास, ध्वनिमुद्रक व निवेदकांचे मानधन हा खर्च वेगळाच. मासिक वेतनासारख्या रकमेत या कामांची स्वतंत्र तरतूद नसते.

याहून गंभीर उणीव पुढची आहे. प्रबंध ‘शोधगंगा’वर जमा होतो, ज्या आवाजांवर तो उभा असतो, ते मात्र संशोधकाच्याच संगणकात राहतात आणि संगणक बिघडला की नष्ट होतात. लंडन येथे २००२ मध्ये सुरू झालेला व पुढे बर्लिनला स्थलांतरित झालेला संकटग्रस्त भाषा दस्तऐवजीकरण कार्यक्रम विद्यार्थ्यांनाही अनुदान देतो, पण ध्वनिमुद्रणे अभिलेखागारात जमा करण्याची अट घालतो. आपल्याकडे ही अट का नसावी?

सारांश, भाषकसंख्येऐवजी पिढ्यांमधील भाषा-संक्रमण हा निकष धरणे, क्षेत्रकार्याचा खर्च स्वतंत्रपणे देणे आणि मूळ ध्वनिमुद्रणे विद्यापीठाच्या ग्रंथालयात व संबंधित गावातही ठेवणे, या तीन बाबी अनिवार्य कराव्यात. अन्यथा पदव्यांची संख्या वाढेल आणि बोली मात्र प्रबंधांच्या परिशिष्टांतच उरतील.