जड म्हणजे काय? : आयोमीची दोन बोटं आणि हेटफिल्डचा उजवा हात

सगळ्यात भारी मेटल गिटारिस्ट कोण, हा वाद चाहत्यांमध्ये कधीच संपत नाही. वादाची रीतही ठरलेली आहे. कुणीतरी इंग्वे माल्मस्टीनचं नाव घेतं, कुणी एडी व्हॅन हेलनचं 'इरप्शन' काढतं, आणि पाचव्या मिनिटाला गाडी 'सेकंदाला किती नोट्स' इथे येऊन थांबते. हा वाद मीही हिरिरीनं घालतो. पण या संगीताच्या नावात 'हेवी' हा शब्द आहे आणि वाद मात्र वेगावर चालतो, हे मला विचित्र वाटतं. वेगानं वाजवणारे जॅझमध्ये आहेत, ब्लूग्रासमध्ये आहेत, सतारीवर झाला वाजवणारे आपल्याकडेही आहेत. जड वाजवणं ही मेटलवाल्यांची खास कमाई. तो जडपणा नेमका येतो कुठून, यावर चाहते फारसं बोलत नाहीत.

या प्रश्नाला एक तयार उत्तर आहे आणि ते बहुतेकांना पाठ असतं. १९६५ साल, बर्मिंगहॅम. सतरा वर्षांचा टोनी आयोमी पत्र्याच्या कारखान्यातली नोकरी सोडून बँडबरोबर बाहेरगावी जाणार असतो. कामाचा शेवटचा दिवस. नेहमीचा कामगार आलेला नसतो, म्हणून आयोमीला सवय नसलेल्या यंत्रावर उभं करतात. उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची टोकं जातात. आयोमी डावखुरा, म्हणजे तारा दाबण्याचा हात नेमका उजवा. कारखान्यातला एक वरिष्ठ त्याला जँगो राइनहार्टची रेकॉर्ड ऐकवतो. जँगो भाजलेल्या हातानं, मुख्यतः दोनच बोटांवर सोलो वाजवत असे. मग आयोमी भांडी घासायच्या साबणाची प्लास्टिकची बाटली वितळवून टोपणं बनवतो, त्यांवर चामड्याचे तुकडे चिकटवतो, गिटारीला बँजोच्या पातळ तारा लावतो. पुढे तारा आणखी सैल करतो, सूर खाली जातो आणि हेवी मेटल जन्माला येतं.

गोष्ट थरारक आहे, आणि शेवटचं वाक्य सोडलं तर खरीही आहे. गडबड त्या शेवटच्या वाक्यात आहे.

ब्लॅक सॅबथचा पहिला अल्बम १३ फेब्रुवारी १९७० ला आला, दुसरा, 'पॅरानॉइड', त्याच वर्षी. या दोन्ही अल्बमांत आयोमीची गिटार नेहमीच्याच सुरांत लावलेली आहे. तारा दीड स्वर खाली उतरवण्याचा प्रकार येतो १९७१ च्या 'मास्टर ऑफ रिअॅलिटी'मध्ये, तोही काहीच गाण्यांत. म्हणजे 'ब्लॅक सॅबथ' हे गाणं, ज्याला अर्धं जग मेटलचं पहिलं गाणं मानतं, ते सैल तारांच्या जोरावर जड झालेलं नाही. मग कशाच्या?

ते गाणं एकदा आपल्या कानानं ऐकून पाहा. पाऊस पडतोय, लांबवर घंटा वाजतेय आणि मग गिटार येते. रिफमध्ये स्वर तीन. पहिल्याला 'सा' म्हणा. दुसरा त्याचाच तार षड्ज. तिथून खाली उतरून तिसरा : तीव्र मध्यम. या तिसऱ्या स्वरावर आयोमी थांबतो. थरथरवत, ताटकळत थांबतो. मग पुन्हा सा.

पाश्चात्त्य संगीतात या अंतराला 'सैतानाचं' म्हणतात, आणि मध्ययुगात चर्चनं त्यावर बंदी घातली होती असं मेटलवाले अभिमानानं सांगतात. तशा बंदीला पुरावा नाही. आपल्याला तर त्या स्वराची भीती वाटायचं काही कारणच नाही. तीव्र मध्यम म्हणजे यमन, म्हणजे संध्याकाळ, म्हणजे गाणं शिकायला बसलेल्या प्रत्येक पोराचा पहिलावहिला राग. स्वर तोच असताना एकीकडे अंगण आणि दुसरीकडे स्मशान, असं का? कारण यमनात त्या मध्यमाला गणगोत आहे. गंधार आहे, निषाद आहे, वर पंचम वाट बघत बसलेला आहे. आयोमीनं ते सगळे काढून घेतले. षड्ज आणि तीव्र मध्यम यांच्यामध्ये काहीच ठेवलं नाही, आणि मध्यमाला पुढे जायला पंचमही दिला नाही. स्वर आला आणि अडकला. वर लय इतकी संथ की ते अडकणं आपल्याला पुरेपूर सोसावं लागतं. गीझर बटलर त्या काळात होल्स्टच्या 'द प्लॅनेट्स'मधला 'मार्स' हा भाग बेसवर वाजवत असे आणि रिफची ठिणगी तिथून पडली, असं तो सांगतो. ठिणगी कुठलीही असो, काय गाळायचं आणि किती वेळ थांबायचं हा निर्णय माणसाचा आहे. कारखान्यातल्या यंत्राचा नाही.

हे मला महत्त्वाचं का वाटतं? मी सॉफ्टवेअरवाला आहे. पूर्वीच्या एका नोकरीत 'मर्यादा म्हणजेच संधी' अशा थाटाच्या प्रशिक्षणात आयोमीची गोष्ट पडद्यावर आली होती. अपुरी माणसं, अपुरा वेळ, तरी काम करा, बघा आयोमीनं कसं केलं! शिकवलं नसलेल्या यंत्रावर एका पोराला उभं केलं गेलं आणि त्याची बोटं गेली, हा त्या गोष्टीचा पहिला अर्थ. तो कुणालाच दिसला नाही. दुसरा तोटा संगीताचा. अपघाताला जनकत्व दिलं की कलावंताकडे फक्त जिद्द उरते आणि त्याची अक्कल हिशेबातून जाते. अपघातानं आयोमीला काय दिलं ते स्वच्छ सांगता येतं : पातळ तारा, बोथट स्पर्श, मोठे कॉर्ड धरण्यातली अडचण आणि त्यामुळे दोन-तीन स्वरांच्या कॉर्डकडे ओढा. ही झाली लेखणी. वाक्य त्यानं स्वतः लिहिलं.

आता थोडं विज्ञान, कारण त्या दोन स्वरांच्या कॉर्डमध्ये एक गंमत दडलेली आहे. अॅम्प्लिफायरला झेपेल त्यापेक्षा जास्त सिग्नल दिला की ध्वनिलहरींचे माथे छाटले जातात. यालाच डिस्टॉर्शन म्हणतात. छाटलेल्या लाटेत मूळ आवाजात नसलेले नवे स्वर तयार होतात. दोन स्वर एकत्र गेले तर त्यांच्या कंपनसंख्यांच्या बेरजा-वजाबाक्यांचेही स्वर निघतात. गिटारीची सगळ्यात खालची तार साधारण ८२ हर्ट्झवर वाजते. तिचा पंचम १२३ च्या थोडा वर. वजाबाकी ४१, म्हणजे मूळ षड्जाच्या बरोबर एक सप्तक खाली. हा स्वर गिटारीवर कुठेच नाही, तो यंत्रणेच्या पोटात जन्मतो. सा आणि प, तंबोऱ्याचीच जोडी, एवढ्यावर जमीन हादरते. त्याच डिस्टॉर्शनमध्ये भरगच्च कॉर्ड वाजवला तर बेरजा-वजाबाक्यांची गर्दी होऊन नुसता चिखल होतो. आयोमीकडे कमी बोटं होती हे खरं. पण कमी स्वरांमधून जास्त आवाज निघतो हे त्यानं कानानं ओळखलं आणि त्यावर गाणीच्या गाणी रचली.

'आयर्न मॅन' ऐका. रिफची जी चाल, तीच ओझी ऑझबर्नच्या गळ्यातली चाल. आपल्याकडे पेटी किंवा सारंगी गायकाच्या मागोमाग जाते. इथे गायकच गिटारीची संगत करतोय. समीक्षकांनी त्या काळी सॅबथला ओबडधोबड म्हटलं, त्यात असल्या जागांचा वाटा असावा. मला तिथे मेटलची घटना लिहिली गेलेली दिसते : गाण्याची मालकी रिफकडे आहे, बाकी सगळे तिचे पाहुणे.

आता सोळा वर्षं पुढे. मार्च १९८६, मेटॅलिकाचा 'मास्टर ऑफ पपेट्स'. या बँडमधला 'लीड' गिटारिस्ट कर्क हॅमेट, त्यामुळे पोस्टरवरचा हिरो तो. कॉलेजात आमचा एक हौशी बँड होता. त्यात चार गिटारवाले होते आणि चौघांनाही हॅमेट व्हायचं होतं. 'रिदम' माझ्या वाट्याला आला तो चिठ्ठ्या टाकून. त्या चिठ्ठीचे उपकार, कारण तिच्यामुळे मी जेम्स हेटफिल्डच्या उजव्या हाताकडे बघायला लागलो.

'मास्टर ऑफ पपेट्स'ची लय मिनिटाला सुमारे २१२ ठोक्यांची. मुख्य रिफमध्ये एका ठोक्यात दोन आघात, म्हणजे सेकंदाला सात. हेटफिल्ड हे सगळे आघात वरून खालीच मारतो. खाली-वर, खाली-वर असं वाजवलं तर कष्ट निम्मे होतात आणि स्वरही तेच येतात. फरक पडतो तो वजनात. वर जाणारा आघात किंचित हलका, किंचित वेगळ्या कोनातून येतो, आणि कानाला एक झोका लागतो. सगळे आघात खालीच मारले की झोका नाहीसा होतो आणि प्रत्येक आघात घणासारखा पडतो. मी हे वाजवायला बसलो तेव्हा दुसऱ्या मिनिटाला माझं मनगट लाकूड झालं. हेटफिल्ड ते साडेआठ मिनिटांच्या गाण्यात वाजवतो, वर गातो. त्यात रिफच्या दर चौथ्या आवर्तनाला शेपूट तोडलेलं आहे. नोटेशन लिहिणारे तिथे ५/८ लिहितात, आणि आपण प्रत्येक वेळी पायरी चुकल्यासारखे पुढे ढकलले जातो.

पण आघात ही अर्धीच गोष्ट. डिस्टॉर्शनमध्ये हळू आणि मोठा आवाज जवळजवळ एका पातळीवर येतात. बोट नुसतं तारेवरून घसरलं तरी खरखर होते, मोकळी तार आपोआप गुणगुणू लागते. साध्या गिटारीवर काही वाजवलं नाही की शांतता असते. इथे शांतता हातानं करावी लागते. म्हणून उजव्या तळव्याची कड ब्रिजजवळ तारांवर टेकलेली असते. ती थोडी पुढे सरकली तर स्वर मरतो, थोडी मागे गेली तर मोकाट सुटतो. हेटफिल्डचा तळवा या दोन-चार मिलिमीटरमध्ये राज्य करतो. शिवाय स्टुडिओत रिदमचे थर तो स्वतःच पुन्हा पुन्हा वाजवून एकमेकांवर चढवतो. एका थरातला आघात जरा मागेपुढे झाला तर सगळी धार गेली. मेटलमध्ये जो 'टाइट' आवाज म्हणतात, तो बराचसा स्वरांमधल्या कापलेल्या जागांचा आवाज आहे. आणि एक बारीक गोष्ट : याच गाण्याच्या मध्ये जो संथ, हळवा सोलो आहे, तोही हेटफिल्डचा. हॅमेटचा वेगवान सोलो त्याच्यानंतर येतो.

याचा अर्थ वेगवाल्यांना मोडीत काढायचं असा नाही. माल्मस्टीनचा १९८४ चा 'रायझिंग फोर्स' मी आजही तोंडाचा आ करून ऐकतो. पण त्यानं काय केलंय बघा : पडद्यांमधलं लाकूड कोरून काढलं, म्हणजे तार दाबताना बोट लाकडाला टेकत नाही आणि दाबाच्या फरकानं स्वर हलवता येतो. लांब धरलेल्या स्वरावर तो जो कंप देतो, तो खऱ्या अर्थानं त्याची सही आहे. त्याचा वेग उचलणारे हजारो झाले. तो कंप उचलणारे फारसे ऐकू येत नाहीत.

रिफचा वारसा पुढे गेला तो स्वीडनच्या मेशुगासारख्यांकडे. ड्रमवाल्याची झांज सरळ चार-चारमध्ये चालते, आणि खाली आठ तारांच्या गिटारी विषम लांबीचे तुकडे फिरवत राहतात. रिफ आणि ताल एकमेकांपासून सुटतात, भटकतात आणि कधीतरी धाडकन एकत्र येतात. सम म्हणजे काय हे ज्याला कळतं, त्या मराठी श्रोत्याला इथे दाद देण्यासाठी वेगळी दीक्षा घ्यावी लागू नये.

एक तक्रार मात्र आहे. आज बरेच मेटल रेकॉर्डिंग संगणकावर इतकं घासूनपुसून घेतलं जातं की प्रत्येक आघात चौकटीत बसवलेला असतो आणि मधली शांतता सॉफ्टवेअर पुरवतं. मी पोटासाठी चौकटीच बनवतो, त्यामुळे मला त्या लगेच ऐकू येतात. सॅबथचा पहिला अल्बम जवळजवळ सगळा एका दिवसात रेकॉर्ड झाला. त्यात लय श्वास घेते, बिल वॉर्डचे ड्रम कधी पुढे सरकतात, कधी रेंगाळतात आणि रिफ त्यांच्यावर रेलते. वजन जाणवायला ते कुणीतरी पेलत असलेलं दिसावं लागतं. मनगट थकण्याची शक्यताच काढून टाकली की आवाज मोठा राहतो, पण जड राहत नाही.

५ जुलै २०२५ ला बर्मिंगहॅमच्या व्हिला पार्कवर सॅबथचे मूळ चौघे शेवटचे एकत्र वाजले. ज्या अॅस्टनमध्ये ते वाढले, त्याच भागातलं हे मैदान. ओझी सिंहासनावर बसून गायला. सतरा दिवसांनी तो गेला. सगळ्यांचं लक्ष त्याच्याकडे होतं, ते योग्यच. मी चित्रफितीत सत्त्याहत्तर वर्षांच्या आयोमीचे हात पाहत होतो. दोन बोटांवर अजून टोपणं. हालचाल अगदी थोडी, चेहरा मख्ख. 'आयर्न मॅन'चा पहिला स्वर त्यानं वाकवला आणि सोडायची घाई केली नाही. पुढे काय येणार हे मैदानातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं, तरी सगळे त्याच्यासाठी थांबले होते.