सादेलीची परीक्षा कोपऱ्यावर

‘बॉम्बे बॉक्स’वरचं सादेलीकाम यांत्रिक, एकसुरी वाटतं असं म्हणतात. मला ते पटत नाही. हस्तिदंत, कथील, आबनूस, चंदन, पतंग यांच्या काड्या चिकटवून दांडा करायचा, मग त्याचे आडवे पातळ काप पेटीवर बसवायचे. बर्डवुडनं 1880 साली हे नोंदवलंय. दांड्यातली चूक प्रत्येक कापात उतरते. (कोड लिहिणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको.) झाकणभर ठासलेली नक्षी मला जड वाटते, कडेची अरुंद पट्टी मात्र पेटीला रेखीव करते. हात कळतो तो कोपऱ्यावर: पट्ट्या मिळतात तिथं चांदणी अखंड राहते का? आमच्या रत्नागिरीत पावसाळ्यात दारं फुगून बसतात. लाकूड फुगतं, कथील नाही. त्यामुळे निखळलेला काप मी हवामानाच्या खाती टाकतो, कोपऱ्यातली अर्धवट चांदणी कारागिराच्या.