गंजिफा : हातांतून भिंतीवर

सावंतवाडीच्या राजवाड्यांत चिताऱ्यांनीं रंगविलेल्या दशावतारी गंजिफा पाहून आम्हांस आनंद झाला. दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकांत राजा, प्रधान व एक ते दहा अशीं बारा पानें, एकूण १२०. १९७० च्या दशकांत शिवरामराजे व सत्त्वशीलादेवी भोंसले यांनीं ही लोपत चाललेली कला सांवरली, हे उपकार थोर होत. चित्रणांत न्यून काढण्यास जागा नाहीं. परंतु हीं पानें चौकटींत घालून भिंतीवर टांगण्याची रीत आम्हांस रुचत नाहीं. दिवसा डाव रामानें आरंभावा, रात्रीं कृष्णानें. निम्म्या रंगांत दश्शी वरचढ, निम्म्यांत एक्का. हें पान हातीं घेतल्यावांचून कसें कळावें? वाचकांनीं संच अवश्य घ्यावा, पण घरीं मुलांसह तो खेळावाहि.