भिजत घोंगडं : एक चिकित्सा

मराठी माणसाच्या घरातून घोंगडं केव्हाच गेलं, पण तोंडातून काही जात नाही. आमच्या सोसायटीच्या चाळीस बिऱ्हाडांत शोधून एक घोंगडं निघायचं नाही. मात्र वार्षिक सभेत पाण्याच्या टाकीचं, गच्चीच्या गळतीचं आणि माजी चिटणिसांच्या हिशेबाचं अशी तीन घोंगडी दर वर्षी हमखास भिजत असतात. वर्तमानपत्रांचं तर या शब्दावाचून पानच हलत नाही. सीमाप्रश्न घ्या. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत तो उभा राहिला, १९६६ साली महाजन आयोग बसला, १९६७ साली त्याचा अहवाल आला, २००४ साली महाराष्ट्र सर्वोच्च न्यायालयात गेला. मथळा मात्र तोच : सीमाप्रश्नाचं भिजत घोंगडं!

इतका राबवला जाणारा हा शब्द मुळात आहे कशाचा, ते तरी पाहू. दख्खनची मेंढी, तिची राठ काळी लोकर. ती कातरायची, पिंजायची, सूत काढायचं, चिंचोक्यांची खळ देऊन ते ताठ करायचं आणि मागावर विणायचं. झालं घोंगडं. शेजारी तेलंगणात तेच 'गोंगडी' होतं. थंडीत पांघरूण, पावसात खोळ, रानात अंथरूण आणि देवापुढे आसन. एकाच पासबुकात चार खाती! शिवाय लोकर आपल्या वजनाच्या जवळजवळ तीस टक्के ओलावा पोटात घेते आणि वर हाताला कोरडी लागते. (हा गुण मी आमच्या साहेबांखेरीज अन्यत्र पाहिलेला नाही.)

पण झड लागली की शेवटी घोंगडंही भिजतं. मग ते एकट्याला उचलवत नाही आणि दिवस दिवस वाळत नाही. हिंदीत ऊन म्हणजे लोकर. मराठीत ऊन म्हणजे ती वाळवायची सोय. आषाढात नेमकी हीच सोय बंद असते. आणि मेंढरांमागे रानात फिरणाऱ्या माणसाजवळ बदलायला दुसरं घोंगडं नसतं. त्या रात्री तो काय पांघरतो, हे आपण मथळा वाचताना विचारत नाही.

माझी तक्रार इथूनच सुरू होते आणि ती व्याकरणाची आहे. बी. कॉम. झालेल्यानं व्याकरणात पडू नये म्हणतात. पण खतावणीत नावे कोण आणि जमा कोण हे बघण्यातच माझी वीस वर्षं गेली आहेत. पहिली गोष्ट, 'भिजत'. भिजलेलं घोंगडं पिळता येतं, वाळत घालता येतं. 'भिजत' घोंगड्याचं भिजणंच संपलेलं नसतं, तेव्हा वाळवायचा प्रश्न कुठे येतो? कार्यालयाला याहून सोयीचा काळ व्याकरणात नाही. दुसरी गोष्ट, क्रियापद. घोंगडं भिजत 'ठेवलं' म्हटलं की कोणी ठेवलं, हा प्रश्न येतो. भिजत 'पडलं' म्हटलं की ते आपलं आपणच पडतं. आमच्या पत्रव्यवहारात घोंगडी कायम पडतात. ठेवणारा माणूस आजवर सापडलेला नाही. तिसरी गोष्ट, षष्ठी. सीमाप्रश्नाचं घोंगडं, फायलीचं घोंगडं, दाव्याचं घोंगडं. अहो, फाईल कधी कुडकुडते काय? घोंगडं माणसाचं असतं. नावावर मात्र फायलीच्या टाकलं जातं. याला आमच्याकडे चुकीची नोंद म्हणतात.

मृत खातेदाराच्या रकमेचा दावा सगळी कागदपत्रं मिळाल्यापासून पंधरा दिवसांत निकाली काढावा, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. आमच्या काउंटरवर धनगरवाड्यावरची एक आजी यायची. नवऱ्याच्या नावावर छोटीशी ठेव होती. कागद पुरे होऊन तिसरा महिना लागला होता. शेजारचा सहकारी तिला हसून म्हणाला, "आजी, तुमच्या दाव्याचं जरा भिजत घोंगडं झालंय बघा."

आजीला यात हसण्यासारखं काही दिसलं नाही. ती काउंटरला टेकून म्हणाली, "भिजलं तर भिजू दे की बाबा. पावसाळ्यात घोंगडं भिजायचंच. पर वाळत कुणी घातलंया का, तेवढं सांग."

सहकाऱ्यानं चष्मा काढून पुसला. मग त्यानं विभागीय कार्यालयाला फोन लावला आणि "फाईल कुठं पडलीय?" असं न विचारता "कोणी ठेवलीय?" असं विचारलं. पलीकडून एक नाव आलं. आठवड्यात रक्कम जमा झाली. क्रियापद बदलल्यानं एवढं काम झालेलं मी तरी प्रथमच पाहिलं.

गंमत बघा, मराठीत घोंगडं अडकतं, घोंगडं भिजत पडतं, पण वाळत घातलेल्या घोंगड्याचा वाक्प्रचार काही झाला नाही. तो करण्याइतके प्रसंगच आले नसावेत. ते येतील तेव्हा येवोत. तोवर पुढच्या कोशकारांना माझी एवढीच विनंती आहे की जुन्या शब्दापुढे नवा अर्थ नीट छापावा : भिजत घोंगडं (न.) : दुसऱ्याचं असल्यामुळे जे वाळत घालायची आपल्याला घाई नसते, असं काम.